उजाड पेठेची अक्षय ठेव

भग्नावशेषांच्या दर्शनाने मनुष्याच्या मनात जे वैराग्य उत्पन्न होते, त्याविषयी मला कधीच फारसा आदर वाटलेला नाही. आपल्या जुन्या लोकांनी पुराणवैराग्य, प्रसूतिवैराग्य आणि स्मशानवैराग्य असे क्षणिक विरक्तीचे तीन प्रकार सांगून ठेवले आहेत, त्यांत या चौथ्याची भर घालावयास हरकत नाही. कारण पडक्या वेशीपाशी उभे राहून, जेथे एके काळी हत्ती झुलले तेथे आता बोरी-बाभळी माजल्या आहेत म्हणून सुस्कारा टाकणारा गृहस्थ अर्ध्या घटकेनंतर भाड्याच्या गाडीवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालताना आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. परंतु या वैराग्याचा खरा दोष त्याची क्षणिकता हा नव्हे. त्याचा दोष असा की, ते मृतांना अज्ञानी समजते. ज्यांनी येथे दुकाने थाटली, लेणी खोदविली, मठांना उत्पन्ने नेमून दिली, त्यांना आपल्या वैभवाचा अंत कळलेला नव्हता आणि आपल्याला मात्र तो कळला आहे, अशा एका सूक्ष्म अहंकारावर तो सुस्कारा उभा असतो. खानदेशाच्या दक्षिण सीमेवर एक स्थळ असे आहे की, तेथे हा अहंकार फार वेळ टिकत नाही. कारण सर्व वस्तू अनित्य आहेत हाच तेथील माणसांचा मुळी धर्मसिद्धान्त होता, आणि तो मुखोद्गत असतानाच त्यांनी दगडात आपली नावे कोरविली.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाहून दक्षिणेस निघाले म्हणजे सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी पाटणे हे खेडे लागते. त्याच्या पुढे, कन्हेरगडाच्या कुशीत आणि डोंगरी नदीच्या काठी, चंडिकेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी पाटणादेवीचे, देवालय आहे. आज हा सारा प्रदेश गौताळ्याच्या अभयारण्यात मोडतो. पण यादवांच्या अमदानीत येथे निकुंभ कुळातील मांडलिकांचे नगर होते, पेठ होती, घाणे होते, आणि ज्या मठाविषयी पुढे लिहावयाचे आहे तो मठही होता. डोंगर चढून माथ्याकडे गेले की कन्नड तालुक्याची हद्द लागते, आणि तेथे एका दरीच्या दोन्ही अंगांना पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. वरची लेणी बौद्धांची, खालचे नगर शिव-भवानीच्या उपासकांचे, दोहोंमध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर. तरीही दोघांचा जन्मदाता एकच, आणि तो म्हणजे रस्ता. भडोचच्या बंदरातून निघून तापी-गिरणेच्या खोऱ्यांतून या रांगेपाशी येणारी आणि घाट चढून पैठणकडे उतरणारी ती वाट होती. आज धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता याच रांगेतून, थोड्या अंतरावरील कन्नडच्या घाटाने वर चढतो, आणि घाट अडला म्हणजे मालमोटारींची जी रांग लागत असे तिच्या बाजूला चूल मांडून भाकरी थापणारे चालक-क्लीनर आठवले की, प्राचीन सार्थाच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या, मुक्कामाची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही.

वाळवंटातील व्यापारी तांड्यांचे नगर म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे उंट आणि सिरियातील तदमूर येते, ज्याला युरोपीय लोक पाल्मिरा म्हणतात. खानदेशात उंटांचे काफिले फारसे नव्हते. येथला तांडा बैलांचा, गोण्यांचा आणि गाड्यांचा. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' हे सागरी मार्गवर्णन लिहिणाऱ्या अनामिक ग्रीक व्यापाऱ्याला हा मुलूख जवळजवळ वाळवंटासारखाच भासला होता. भडोचपासून आत पूर्वेकडे निर्जन प्रदेश, मोठमोठे पर्वत, वाघ, हत्ती आणि अजस्र सर्प आहेत असे तो लिहितो. पैठण भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगतो. आणि तेथील मौल्यवान खडे व कापड ज्यांत रस्ताच नाही अशा विस्तीर्ण माळांतून गाड्यांनी भडोचला आणले जाते, असेही तो नोंदवितो. पाटण्याच्या भूमीला तर खऱ्याखुऱ्या रुक्षतेचीही आठवण आहे: तेथील उत्खननात पुरातत्त्वज्ञ साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव नक्षीचा तुकडा सापडला, आणि त्याचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे मानले जाते. गिरणेच्या खोऱ्यात शहामृग धावत होते, ही गोष्ट मला कोणत्याही साम्राज्याच्या उदयास्ताहून अधिक विस्मयकारक वाटते. पण ते असो.

पाटण्यात गुरे वळणाऱ्या एका वृद्धाने मला विचारले होते, “आठे काय शे, भाऊ? दगडं पाहाले इतला दूर उना का?” प्रश्नात उपहास नव्हता, आतिथ्य होते, आणि प्रश्न रास्तही होता, कारण जुन्या पेठेचे म्हणून सांगता येईल असे तेथे खरोखर फार थोडे उरले आहे. महादेवाच्या हेमाडपंती देवळाची शिळा-शिळा बसविलेली काया, गडावरच्या कोरीव गुहा, झाडीत विखुरलेले घडीव दगड, एवढेच. पितळखोऱ्याचा दगडही भुसभुशीत. चैत्यगृहाचे दर्शनी तोंड केव्हाच दरीत कोसळले. पण पायऱ्यांच्या तळाशी ढाल-भाला घेतलेले द्वारपाल अजून उभे आहेत, हत्तींची रांग जोत्याला खांदा देऊन आहे, आणि खडकातील पन्हळीतून आलेले पाणी ज्याच्या फणांतून बाहेर पडावे अशी योजना होती तो पंचफणी नाग अजून ओळखू येतो. शिल्पांपेक्षा मला तेथे थांबवून धरले ते मात्र ओबडधोबड ब्राह्मी लेखांनी. पैठणच्या गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांच्या कुळातील मितदेव. पैठणचेच संघकाचे पुत्र. वात्सीपुत्र राजवैद्य मगिल, त्याची कन्या दत्ता आणि त्याचा पुत्र दत्तक, अशी ही दात्यांची नावे आहेत. येथेच सापडलेल्या आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या हसऱ्या यक्षाच्या मूर्तीवर, ही कण्हदास नामक सोनाराने केली, अशी नोंद आहे. सोन्याचे काम करणाऱ्याच्या हाताला दगड लागला आणि त्यानेही नाव घातले.

आता विचार करू लागले म्हणजे हे वाटते तितके साधे नाही. ज्या संघासाठी मितदेवाने स्तंभ दिला त्या संघाची शिकवण अशी की, 'मी' म्हणून ज्याला आपण कवटाळतो तो पाच स्कंधांचा एक क्षणोक्षणी बदलणारा समुच्चय असून त्याच्या आत कोणी स्थायी धनी नाही. धनीच नाही तर दान कोणाचे? ज्याने दिले तो देतानाच निघून गेला असेल तर पुण्याचे फळ कोणाच्या पदरी पडावयाचे? आणि एवढे सर्व ज्याला ठाऊक आहे, किंवा निदान वर्षावासात भिक्षूंच्या तोंडून ज्याने ऐकले आहे, त्या अत्तराच्या व्यापाऱ्याने स्तंभावर स्वतःचे नाव, कूळ आणि गाव यांसह कोरविण्याचा हट्ट का धरावा? पंडितांचे सोपे उत्तर असे की, उपासकांना तत्त्वज्ञान कोठे समजते. ते पुण्यासाठी देतात आणि कीर्तीसाठी कोरवितात. हे उत्तर मला मान्य नाही, कारण त्यातही तोच अहंकार आहे, ज्याची तक्रार मी आरंभी केली.

अधिक चांगले उत्तर एका राजाच्या निमित्ताने मिळते, आणि त्याचा या वाटेशी संबंध मजेदार आहे. पेरिप्लसकार सांगतो की, त्याच्या काळीही भडोचच्या बाजारात मिनांडर आणि अपोलोडोटस या यवन राजांची जुनी नाणी चालत असत. हा मिनांडर म्हणजेच पालि वाङ्मयातील राजा मिलिंद. पितळखोऱ्याच्या वाटेने चढणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याच्या कमरेच्या कशात ज्याचा मुखवटा खुळखुळत असेल, त्याच राजाने 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातील कथेनुसार नागसेन स्थविराला प्रथम विचारले ते नाव! आणि स्थविराने उत्तर दिले ते असे की, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ती केवळ एक संज्ञा आहे. तिच्यामागे कोणी पुरुष सापडत नाही. राजा चतुर होता. पुरुष नसेल तर चोराला शिक्षा कोणत्या न्यायाने करावयाची, या अंगाने तो पुढे जातो. आणि नागसेन त्याला आंब्याचा दृष्टान्त देतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले आणि पकडला गेल्यावर तो म्हणाला की, याने जो आंबा लावला तो वेगळा, मी जो नेला तो वेगळा. तर तो सुटेल काय? सुटणार नाही, कारण नेलेला आंबा लावलेल्या आंब्यापासूनच झाला. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एक नव्हे आणि भिन्नही नव्हे, तसाच हा प्रवाह.

या दृष्टीने पाहिले म्हणजे स्तंभावरील नाव हे अहंकाराचे निशाण न राहता दाखला होते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ज्याने रुमालांत बांधलेली दप्तरे पाहिली आहेत त्याला हे सहज पटेल. वतनाच्या कागदावरील नाव त्या माणसाच्या थोरवीसाठी नसते. अमुक दिवशी अमक्याच्या हातून अमुक गोष्ट सुटली आणि तमक्याकडे गेली, एवढ्याची ती खूण असते. धनी टिकत नाही म्हणूनच दाखला लागतो.

परंतु येथे एक अधिक कठीण गाठ आहे, आणि ती नाशिकच्या पांडवलेण्यांत स्पष्ट दिसते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची 'अक्षय नीवी' ठेवली. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीरसंघांकडे, ही रक्कम होती: एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याज तेवढे खावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत अशी तरतूद होती, आणि हिशेब मांडून पाहावा तर वर्षाचे दोनशे चाळीस बरोबर जुळतात. ही ठेव निगमसभेत वाचून दाखविली गेली आणि नोंदफलकावर चढविली गेली, असेही लेख सांगतो. आजच्या विश्वस्त निधीच्या कोणत्याही कारकुनाने समाधानाने मान डोलवावी असा हा व्यवहार आहे. मात्र घेणारे कोण? सर्व संस्कार अनित्य आहेत असे ज्यांनी रोज घोकावयाचे, ते! अनित्यतेच्या उपासकांनी अक्षय ठेवीचे व्याज घ्यावे, याला विसंगती म्हणावे की ढोंग?

इतिहासकार याचे उत्तर रस्त्याच्या भाषेत देतील. सह्याद्रीतील लेणी घाटमाथ्याच्या वाटांना कशी चिकटून आहेत हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी पायी हिंडून दाखवून दिले. विहारांचे पोट व्यापारावर होते आणि व्यापाराला वाटेत विसावा, पाणी, भरवसा यांची गरज होती. हे खरेच आहे. (पित्याने आयुष्यभर बुद्धाचा धर्म समजावून सांगावा आणि पुत्राने त्या धर्माची चूल कशावर पेटत होती ते शोधून काढावे, असे घराणे महाराष्ट्र-गोमंतकाच्या वाट्यास आले हे आपले भाग्य, दोघांपैकी एकालाच वाचणारा मनुष्य अर्धाच वाचक होय.) तथापि भिक्षू रस्त्यावर का बसले याचे कारण सांगितल्याने त्यांची शिकवण आणि त्यांची ठेव यांचा मेळ कसा बसतो याचे कारण सांगितले असे होत नाही. माझी समजूत अशी झाली आहे की, व्यापारी आणि विरक्त हे एका घाटात राहिले ते केवळ परस्परांच्या सोयीसाठी नव्हे. दोघांपुढे प्रश्नच एक होता.

व्यापाऱ्याचा प्रश्न पाहा. भडोचला माल गाडीत चढला तेव्हा त्याच्या हातून वस्तू गेली. मोल मिळावयाचे ते पैठणला, कित्येक दिवसांनी, कदाचित त्याच्या मुलाला. मधल्या काळात त्या व्यवहाराचे अस्तित्व कशावर असते? वस्तू त्याच्याजवळ नाही, द्रव्य त्याच्याजवळ नाही. जे आहे ते एक अदृश्य काहीतरी, ज्याच्या बळावर तो रात्री झोपतो. नेमका हाच प्रश्न कर्मवाद्यांचा आहे. यज्ञ आज संपला, आहुतीची राख झाली, आणि स्वर्ग मिळावयाचा तो मृत्यूनंतर. मग नष्ट झालेली क्रिया दूरच्या फळाला जन्म कशी देते? जैमिनीच्या परंपरेतील मीमांसकांनी यासाठी 'अपूर्व' नावाची एक शक्ती मानली, जी कर्मातून उत्पन्न होऊन फळ येईपर्यंत टिकते. बौद्धांना आत्मा नको होता, म्हणून त्यांनी तीच दरी संततीच्या, म्हणजे अखंड प्रवाहाच्या, कल्पनेने ओलांडली. एकमेकांशी शतकानुशतके भांडलेल्या या दोन दर्शनांनी एकाच खिंडीवर दोन पूल बांधले. आणि ती खिंड व्यापाऱ्याच्या रोजच्या वाटेवर होती. बोधिप्राप्तीनंतर बुद्धाला पहिले अन्न देणारे तपुस्स आणि भल्लिक हे तांड्याचे प्रमुख होते, आणि जातककथांच्या संग्रहातील पहिल्या दोन्ही कथा वाळवंट ओलांडणाऱ्या सार्थांच्या आहेत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. त्यांतील दुसऱ्या कथेत वाळू दिवसा तापते म्हणून तांडा रात्री चालतो, आणि नक्षत्रे पाहून दिशा सांगणारा वाटाड्या झोपी जातो. बैल मागे वळतात आणि पहाटे पाहावे तो कालचाच मुक्काम! पाणी-लाकूड टाकून दिलेले, आणि पुढे साठ योजनांतली उरलेली वाळू. श्रद्धा म्हणजे काय हे ज्यांना अशा पहाटेने शिकविले त्यांना ती शिकविण्यासाठी निराळ्या उपदेशकाची गरज नव्हती.

अक्षय नीवीचे कोडेही येथे सुटते असे मला वाटते. अक्षय ते नाणे नव्हे. कार्षापण झिजतात हे कोष्ट्यांना ठाऊक होते. अक्षय ते लेणेही नव्हे. श्रेणीतील माणसे मरत, नवी येत. भिक्षू निर्वाणास जात, नवे येत. आणि तरीही 'देणे लागते' हा संबंध एका हातातून दुसऱ्या हातात जात राही, नागसेनाच्या ज्योतीसारखा. ज्याने स्वतःतही स्थायी धनी मानला नाही त्यालाच हे सुचावे, यात विसंगती नाही. तो आपल्या वस्तूवर नव्हे, न जन्मलेल्यांच्या सचोटीवर भरवसा ठेवीत होता. पुढे ती सचोटी खंडित झाली असेल, झालीच; वाट हलली, व्यापार आटला, पितळखोरे ओस पडले, पाचव्या शतकानंतर पुन्हा काही काळ रंगांनी जागे झाले आणि पुन्हा निजले. पण 'किती टिकले?' हा प्रश्न मूळ दात्याच्या कृत्याला लावणे म्हणजे नफातोट्याची मोजपट्टी नेमकी तेथे लावणे होय, जेथे व्यापाऱ्याने स्वतः ती खाली ठेवली होती.

डोंगर उतरून पुन्हा पाटण्यात यावे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली ज्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले तो येथील शिलालेख शके ११२८ च्या दानाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या आणि घराण्यातील इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ सोईदेवाने त्याला उत्पन्न नेमून दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृत पद्यात आहे; परंतु शेवटी, पैशाची गोष्ट निघताच, लेखक सरळ मराठीवर येतो. या पाटणात जो माल विक्रीस निघेल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला, बैलांच्या ओझ्यांवर अमुक, पोफळी इतक्या, घाण्यांतून पळीपळीने तेल. शेटे-महाजनांना कळावे, कारकुनाला चुकवता येऊ नये, म्हणून ही भाषा. एका ग्रंथाच्या अध्ययनाला पेठेची जकात लावून द्यावी, ही कल्पना मला विलक्षण वाटते. तदमूरचीही अशीच एक शिळा आहे, इसवी सन १३७ मधील, ग्रीक आणि अरामी अशा दोन लिप्यांत. उंटाचे ओझे, गाढवाचे ओझे, तेल, खारविलेले मासे, गुलाम, प्रत्येकावर किती जकात याचे ते निरखपत्रक. जकातदार आणि व्यापारी यांच्यातील तंटे मिटावेत म्हणून ते कोरले गेले, आणि आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. ज्या नगरीने ते कोरविले तिला रोमन बादशहा ऑरेलियनने तिसऱ्या शतकात लुटले, आणि तिचे बेल देवतेचे उरलेसुरले मंदिर २०१५ साली सुरुंगाने उडविण्यात आले. तदमूरची शिळा अधिक मोठी, अधिक प्रसिद्ध. पण तिच्यात कर कोठे जावयाचा याचा विचार नगराच्या तिजोरीपाशी थांबतो. पाटण्याचा विचार ग्रहगणितापर्यंत गेला.

आणि दान दिले केव्हा? श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळी. आमच्या दानपत्रांची रूढ मुदत 'जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर' अशी. आणि येथे तर दान घेणारा वंशपरंपरेने ज्योतिषी, ज्याला चंद्र किती घटिका झाकला जाईल आणि केव्हा मोकळा होईल याचा हिशेब पाठ. ज्याच्या साक्षीने दान शाश्वत व्हावयाचे तोच साक्षीदार त्या क्षणी छायेत होता, आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही हे मठपतीला गणिताने माहीत होते. अशा माणसाला अनित्यतेचा उपदेश कोणी करावा?

मठ गेला. ग्रंथ राहिला, असे म्हणून समाधान मानण्याची पद्धत आहे. आणि अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला, पुढे १५९१ मध्ये तोच फैजी वकील म्हणून खानदेशच्या राजा अली खानाकडे बऱ्हाणपुरास आला, हे आठवले की ते समाधान गोडही वाटते. पण ग्रंथ टिकला तो नकलाकारांच्या बोटांनी आणि काही अंशी दैवाने; पाटण्याच्या पेठेने जे केले त्याची किंमत त्यावर ठरत नाही. तेथे शिकलेले आणि पुढे कोणताही ग्रंथ न लिहिलेले किती विद्यार्थी असतील, त्यांची खिचडी आणि त्यांचे दिवे ज्या उत्पन्नावर चालले त्याचे काम ते शिकत असतानाच पुरे झाले होते.

एका गोष्टीपाशी मात्र माझा हा सारा युक्तिवाद अडखळतो. सोईदेवाने दिले ते काय? राजाला मिळावयाचा कर त्याने सोडला. पण घाण्याचे तेल मुळात घाणेवाल्याचे होते. त्याने ते दिले नाही, त्याच्याकडून ते घेतले गेले. मीमांसेचा नियम असा की, यज्ञाचे फळ संकल्प करणाऱ्या यजमानाला मिळते, राबणाऱ्या ऋत्विजाला नाही. त्याला दक्षिणा मिळाली की झाले. बौद्धांनी अनुमोदनेची सोय ठेवली, दुसऱ्याच्या दानात आनंद मानणारालाही वाटा; परंतु पळी बुडवून तेल नेणाऱ्या शिपायाकडे पाहून तेल्याने आनंद मानावा ही अपेक्षा फारच झाली. नेहमी असेच होते असे मात्र नाही. पाटण्याच्या शिळेच्या सुमारे हजार वर्षे आधी, आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीत, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने नाशिकच्या लेण्यांतील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अक्षय नीवी ठेवली, आणि तो पैसा ज्या श्रेणींच्या हवाली केला त्यांत कुंभारांबरोबर तेल गाळणारांचीही श्रेणी होती. तेथे तेली हा विश्वस्त आहे. राजाच्या राज्यात एका स्त्रीचे पुण्य सांभाळण्यास तो लायक समजला गेला. पाटण्यात तो केवळ मापाची पळी आहे. मधल्या शतकांत श्रेणींचे काय झाले, नगरातील कारागिराचा शब्द कसा हलका झाला, हा इतिहासाचा विषय आहे. धर्माचा प्रश्न त्याहून अरुंद आणि त्रासदायक आहे. लावलेल्या आंब्यापासूनच नेलेला आंबा झाला, म्हणून झाड लावणाऱ्याचा हक्क नागसेनाने मान्य केला. त्याच न्यायाने, मठातील ग्रहांचे गणित ज्या तेलापासून झाले, ते दिव्यात जळले असो की जेवणात पडले असो, त्याच्या पुण्यातील हिस्सा घाणेवाल्याला लागू होतो, असा दावा मांडता येईल. आणि त्याचे नाव शिळेवर नाही एवढ्याच कारणाने तो फेटाळता येणार नाही, कारण नाव ही केवळ एक संज्ञा आहे हे तर स्थविराने आधीच कबूल केले आहे.